३१८ किलो उतरवले, अ‍ॅव्हरेज किती वाढलं?

२०१४ सालची फोर्ड एफ-१५० पिकअप पाच लिटरच्या व्ही-८ पेट्रोल इंजिनात घेतली, तर अमेरिकी सरकारच्या चाचणीत ती गॅलनला १७ मैल द्यायची. टू व्हील ड्राइव्ह मॉडेलचा हा आकडा. २०१५ चं मॉडेल आलं तेव्हा इंजिन जवळपास तेच होतं, पण पोलादी पत्र्याची सगळी बॉडी काढून अ‍ॅल्युमिनियमची घातली होती. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे वजन ७०० पौंडांपर्यंत, म्हणजे ३१८ किलोंपर्यंत उतरलं. चाचणीत आकडा आला १८. आपल्या मापात सांगायचं तर लिटरला ७.२ किलोमीटरचे ७.७ झाले.

चार धष्टपुष्ट माणसं गाडीतून उतरवावीत एवढं वजन गेलं आणि हाती लागला अर्धा किलोमीटर. त्यासाठी दोन कारखान्यांची उलथापालथ, नवे यंत्रमानव, नवे पुरवठादार, गॅरेजवाल्यांना नवी हत्यारं. हे आकडे पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवले तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे हिशेब मांडत गेलो तसं ते ओसरलं. एक पिकअप कमी पेट्रोल कशी पिते याचं हे प्रकरण आहे, आणि उतरवलेलं वजन नेमकं कुणाच्या खात्यावर जमा झालं, याचंही.

आधी एक खुलासा. आपल्याकडे पिकअप म्हटलं की नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट घेऊन रात्री वाशीकडे सुटलेली गाडी डोळ्यांसमोर येते. तिला कुणी हौसेने विकत घेत नाही, ती धंद्याची गाडी. अमेरिकेत पिकअप धंद्याला लागते, शिवाय पोरांना शाळेत सोडायला, रविवारी बोट ओढायला आणि पुष्कळदा नुसतीच मिरवायलाही लागते. फोर्डची एफ मालिका १९४८ पासून चालू आहे आणि १९७० च्या दशकापासून तिथली सर्वांत खपणारी ट्रक आहे. २०१४ साली एकट्या अमेरिकेत या मालिकेच्या साडेसात लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. कंपनीच्या नफ्याचा मोठा हिस्सा इथूनच येतो. अशा गाडीला हात लावायचा म्हणजे चालत्या दुकानाचा पाया उकरण्यासारखं.

एफ-१५० च्या जन्माची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९७५ साली ती आली ती नियमातून निसटण्यासाठी. एकूण मान्य वजन (गाडी आणि माल मिळून) सहा हजार पौंडांच्या खाली असलेल्या गाड्यांना धुराचे नवे, कडक नियम लागू झाले होते. फोर्डने एफ-१०० आणि एफ-२५० यांच्या मध्ये एक मॉडेल काढलं आणि त्याचं मान्य वजन त्या रेषेच्या जरा वर ठेवलं. वजन वाढवून नियम चुकवणारी गाडी चाळीस वर्षांनी वजन उतरवून नियम पाळायला निघाली.

तसं करायला भाग पाडलं दोन गोष्टींनी. २००८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात वर्षानुवर्षांचा पहिला नंबर एफ मालिकेच्या हातून गेला आणि होंडा सिव्हिक वर आली. फोर्डच्या मुख्यालयात हा धक्का किती खोल गेला असेल, याची कल्पना करता येते. दुसरी गोष्ट सरकारी. कंपनीच्या सगळ्या गाड्यांचं सरासरी अ‍ॅव्हरेज किती असावं याचे नियम २०१२ मध्ये २०२५ पर्यंतचे आखले गेले आणि ते वर्षागणिक आवळत जाणार होते. ज्या कंपनीची सर्वाधिक खपाची गाडीच पेट्रोल पिणारी, तिला लहान गाड्या विकून ही सरासरी सांभाळणं फार काळ जमलं नसतं.

त्या काळात कंपनीची सूत्रं अ‍ॅलन मुलाली यांच्याकडे होती. ते २००६ मध्ये बोइंगमधून आले होते. विमान बांधणाऱ्याला अ‍ॅल्युमिनियम म्हणजे रोजचं सामान. शिवाय फोर्डच्या घरात हा प्रयोग एकदा झाला होता. जॅग्वार तेव्हा फोर्डच्या मालकीची होती, आणि २००३ च्या जॅग्वार एक्सजेची बॉडी अ‍ॅल्युमिनियमचीच होती, रिवेट आणि गोंदाने जोडलेली. २००८ मध्ये जॅग्वार टाटा मोटर्सकडे गेली, पण रिवेट कसे ठोकायचे ही विद्या डिअरबॉर्नमध्ये, म्हणजे फोर्डच्या मुख्यालयात, राहिली.

पत्रा बदलणं म्हणजे काय

अ‍ॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. म्हणून बॉडीचं वजनही एक तृतीयांश होईल, असा हिशेब करणारे पुष्कळ भेटतात. तसं होत नाही, कारण अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणाही साधारण एक तृतीयांशच असतो. तेवढ्याच जाडीचा पत्रा घेतला तर बोनेटवर कोपर टेकलं तरी पोचा पडेल. म्हणून पत्रा जाड घ्यावा लागतो आणि बचत निम्म्याच्या आसपास येऊन थांबते. एफ-१५० मध्ये केबिन, बोनेट, दारं, हौदा आणि मागचा फाळका अ‍ॅल्युमिनियमचे झाले. खालची चासी पोलादाचीच राहिली, मात्र तिच्यात जास्त ताकदीच्या पोलादाचं प्रमाण वाढवलं आणि तिथूनही थोडं वजन काढलं.

जोडणी हा खरा कटकटीचा भाग. पोलादी पत्रे स्पॉट वेल्डिंगने जोडतात. दोन टोकांमध्ये पत्रे धरायचे, करंट सोडायचा, ठिपका वितळतो. अ‍ॅल्युमिनियम वीजही पटकन नेतं आणि उष्णताही, त्यामुळे तेवढाच ठिपका तापवायला फार मोठा करंट लागतो. फोर्डने म्हणून पत्र्यात स्वतःच घुसणारे रिवेट आणि बांधणीचा गोंद यांचा आधार घेतला. पोलादी पत्रा लोहचुंबकाने उचलता येतो, अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाही, तिथे हवा ओढणारे चोषक लागतात. अशा शंभर बारीकसारीक गोष्टींपायी मिशिगनमधला डिअरबॉर्न आणि मिझुरीतला कॅन्सस सिटीजवळचा, असे दोन्ही कारखाने आळीपाळीने बंद ठेवून नव्याने मांडावे लागले. ज्या गाडीवर कंपनी जगते तिचंच उत्पादन आपल्या हाताने थांबवायचं, याला छाती लागते.

कापताना उरणारं भंगार हाही मोठा विषय झाला. दारातून खिडकी कापली की मधला तुकडा वाया. पोलादाचं भंगार स्वस्त, अ‍ॅल्युमिनियमचं महाग, आणि मिश्रधातूंची सरमिसळ झाली की त्याची किंमत घसरते. फोर्डने प्रत्येक मिश्रधातूचे तुकडे वेगळे खेचून नेणारी यंत्रणा बसवली आणि ते भंगार परत पत्रा बनवणाऱ्याकडे धाडायला सुरुवात केली. पुढे महिन्याला दोन कोटी पौंडांपर्यंत, म्हणजे नऊ हजार टनांपर्यंत अ‍ॅल्युमिनियम असं फिरू लागलं. खनिजापासून नवं अ‍ॅल्युमिनियम काढण्याच्या तुलनेत भंगार वितळवायला सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. गाडीच्या अ‍ॅव्हरेजमध्ये हे दिसत नाही, पण इंधनाचा हिशेब टाकीपाशी सुरू होत नसतो.

मला यातला सर्वांत आवडलेला भाग चाचणीचा आहे. फोर्डने अ‍ॅल्युमिनियमचा हौदा लावलेल्या सहा गाड्या तीन कंपन्यांना वापरायला दिल्या. एक खाणीतली, एक वीज-ऊर्जा क्षेत्रातली, एक बांधकामातली. हौदा कशाचा आहे, हे त्यांना सांगितलंच नाही. खाणीत दगडधोंडे पडतात, अवजारं आपटतात, कामगार काही नव्या धातूची कदर करून सामान हळुवार ठेवत नाहीत. माहीत नसलेला गिऱ्हाईकच खरं वापरतो. २०१३ च्या बाहा १००० या वाळवंटी शर्यतीतही ही गाडी जुन्या मॉडेलच्या वेशात धावून आली, आणि बघणाऱ्यांना पत्ता लागला नाही. जानेवारी २०१४ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात पडदा उघडला, त्या वर्षाअखेरीस गाड्या बाहेर पडू लागल्या.

आता त्या १७ आणि १८ कडे

आकड्यांच्या आत डोकावलं तर गंमत आणखी वाढते. व्ही-८ चा शहरातला आकडा १५ होता, तो १५ च राहिला. महामार्गावरचा २१ चा २२ झाला. वजन कमी झाल्याचा फायदा खरं तर शहरात दिसायला हवा. सिग्नलला थांबायचं, पुन्हा वेग घ्यायचा, प्रत्येक वेळी ते धूड शून्यापासून ढकलायचं. मग शहरात बदल नाही आणि महामार्गावर आहे, हे कसं?

एक कारण साधं: आकडे पूर्णांकात छापतात. १५ आणि २१ यांची सरकारी सूत्राने सरासरी काढली तर १७.२ येते, १५ आणि २२ ची १७.५. छापील एक मैलाची वाढ प्रत्यक्षात बरीच लहानही असू शकते. दुसरं कारण हवेचं. नव्या गाडीच्या जाळीमागे गरज नसताना आपोआप मिटणाऱ्या झडपा होत्या, फाळक्याच्या वरच्या कडेला हवा सोडण्यासाठी आकार दिला होता. ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे पिकअपचं तोंड म्हणजे हवेत ढकललेली भिंत असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि गाडी हलकी आहे की जड, याचं त्याला सोयरसुतक नसतं.

(फाळक्यावरून आठवलं. मागचा फाळका खाली सोडला की हवा सरळ निघून जाते आणि अ‍ॅव्हरेज वाढतं, हा समज अमेरिकेतही आहे, आपल्याकडेही आहे. उलट आहे. फाळका वर असला की हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत जाते. फाळका सोडला की तो भोवरा मोडतो. फायदा तर नाहीच, झाला तर तोटाच.)

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पेट्रोल इंजिन अर्ध्या-पाव ताकदीवर चालतं तेव्हा ते आळशी होतं. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, जवळजवळ मिटलेलं, त्या फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाची काही शक्ती खर्च होते. गाडी हलकी केली आणि इंजिन मात्र पाच लिटरचं आठ सिलिंडरांचंच ठेवलं, तर ते आणखी आरामात, म्हणजे आणखी वाईट कार्यक्षमतेने चालतं. वजनाने दिलेलं थोडंसं इंजिन गिळतं. बैल जोडी तीच ठेवून गाडीतला माल निम्मा केला, तरी वैरण निम्मी होत नाही. जोडी लहान करावी लागते.

फोर्डने तेही केलं होतं, म्हणून प्रकरण १८ वर संपत नाही. त्याच साली २.७ लिटरचं टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारं, व्ही-६ इंजिन आलं. ताकद ३२५ अश्वशक्ती, सिग्नलला आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होण्याची सोय. शहरात १९, महामार्गावर २६, सरासरी २२ मैल, म्हणजे लिटरला ९.४ किलोमीटर. मोठं ३.५ लिटरचं टर्बो इंजिन २०१४ मध्ये १८ देत होतं, ते २० वर गेलं. पोलादी गाडीत एवढं छोटं इंजिन बसवायला कंपनी धजली असती का? मला नाही वाटत. अ‍ॅल्युमिनियमचा खरा मोबदला हा होता: त्याने लहान इंजिनाला दार उघडलं. १७ आणि १८ ची तुलना करून हसणारा मी चुकीची जोडी धरून बसलो होतो. धरायला हवी होती १७ आणि २२.

तरी टर्बोला एक अट आहे. पाय हलका असेल तर ते लहान इंजिन असतं. पाय दाबला, मागे ट्रेलर जोडला, की ते मोठ्या इंजिनाइतकंच पेट्रोल मागतं, कधी जास्तही. सरकारी चाचणीत मागे बोट बांधलेली नसते.

वजन गेलं कुठे

नव्या गाडीच्या जाहिरातीत अ‍ॅव्हरेजइतकंच जोरात काय सांगितलं गेलं? ओढण्याची कमाल क्षमता ११,३०० पौंडांवरून १२,२०० वर गेली. हौद्यात लादण्याची ३,१२० वरून ३,३०० वर. म्हणजे गाडीने स्वतःचं वजन उतरवलं आणि त्यातला वाटा गिऱ्हाइकाला परत केला, आणखी लादायला. २०१७ मध्ये मोठ्या सुपर ड्यूटी मॉडेलांनाही अ‍ॅल्युमिनियमची बॉडी मिळाली, तेव्हा वाचलेल्या वजनाचा मोठा भाग अधिक दणकट चासी आणि अ‍ॅक्सलमध्ये घातला गेला. फोर्डला दोष देण्यात अर्थ नाही. पिकअप घेणारा अमेरिकी गिऱ्हाईक शोरूममध्ये आधी विचारतो, किती ओढते. सरकारी नियमाची रचनाही गाडी लहान करायला सांगत नव्हती. गाडीच्या चाकांमधलं क्षेत्रफळ जितकं मोठं, तितकं तिला अ‍ॅव्हरेजचं लक्ष्य सोपं, असं ते सूत्र होतं. मग आकार कशाला घटवा? वजन घटवा, आकार ठेवा.

याच वेळी प्रतिस्पर्धी रॅम कंपनीची तीन लिटरची डिझेल पिकअप महामार्गावर २८ मैल देत होती. अ‍ॅल्युमिनियमची जी गाडी पोलादी रॅमला मागे टाकेल असं वाटत होतं, ती कागदावर तिच्या मागेच राहिली. त्या डिझेल इंजिनावर पुढे धुराच्या चाचणीत लबाडीचा ठपका आला आणि मालक कंपनीने जानेवारी २०१९ मध्ये सुमारे ८० कोटी डॉलरची तडजोड केली. अ‍ॅव्हरेजचे आकडे वाचताना हा तपशील मी विसरत नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत भीती मोठी होती. पोलाद घासण्याच्या कानसीचे कण अ‍ॅल्युमिनियमवर बसले तर ते तिथे गंज धरायला लावतात, म्हणून हत्यारं वेगळी, जागा वेगळी. अ‍ॅल्युमिनियमची बारीक भुकटी हवेत उडली तर स्फोटही होऊ शकतो, म्हणून धूळ ओढणारी यंत्रं वेगळी. विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये जुनी आणि नवी एफ-१५० कमी वेगात एकमेकींवर आदळून पाहिली, तेव्हा नवीची दुरुस्ती २६ टक्के महाग निघाली. शेव्हरोलेने २०१६ मध्ये जाहिरात केली: फोर्डच्या हौद्यात दगडी ठोकळे ओतले, पत्रा फाटला, आपल्या पोलादी हौद्यात ओतले, फक्त पोचे आले. जाहिरात झणझणीत होती. मग २०१९ च्या शेव्हरोले सिल्व्हराडोची दारं, बोनेट आणि फाळका कशाचे आले? अ‍ॅल्युमिनियमचे. हौदा तेवढा पोलादी ठेवला.

०.८५ किलोमीटरची किंमत

माझं हसू जिथे पुरतं मावळलं तो हिशेब असा. वर्षाला २४,००० किलोमीटर गाडी चालते असं धरू. १५,००० मैल हेच अमेरिकेतल्या सरकारी हिशेबाचंही वार्षिक गृहीतक. एका छोट्या कारचं अ‍ॅव्हरेज १५ वरून १७ वर नेलं. दोन किलोमीटरची भरघोस वाढ, वर्तमानपत्रात मथळा होईल अशी. वर्षाचं पेट्रोल १,६०० लिटरवरून १,४१२ वर येतं. वाचले १८८ लिटर. आता ३.५ लिटरची एफ-१५०: १८ मैलांवरून २०, म्हणजे ७.६५ वरून ८.५. वाढ जेमतेम ०.८५ किलोमीटर. पेट्रोल ३,१३७ लिटरवरून २,८२४ वर. वाचले ३१३ लिटर. २.७ चं इंजिन घेतलं तर बचत आणखी मोठी.

प्रति लिटर किलोमीटर या मापाची ही खोड आहे. ज्या गाडीची टाकी भगदाड पडल्यासारखी रिकामी होते, तिच्यातली लहान सुधारणा काटकसरी गाडीतल्या मोठ्या सुधारणेपेक्षा जास्त लिटर वाचवते. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर, असं मोजतात. त्यात हे चटकन दिसतं. आपल्याकडे पाच-सहा देणाऱ्या ट्रकवाल्याला अर्ध्या किलोमीटरचं महत्त्व कुणी शिकवावं लागत नाही. स्कूटरवाल्यालाच ते कळत नाही. आणि फोर्डच्या बाबतीत ही बचत दरवर्षी लाखो गाड्यांनी गुणायची. २०१५ मध्ये एफ मालिकेचा खप घटला नाही, ७ लाख ८० हजारांवर गेला.

पुढचा प्रवास थोडक्यात. २०१७ मध्ये जनरल मोटर्सबरोबर मिळून बनवलेला दहा गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स आला. २०१८ मध्ये फोर्डने स्वतःचं तीन लिटरचं डिझेल आणलं, त्याच्या टू व्हील ड्राइव्ह मॉडेलने महामार्गावर ३० मैलांचा आकडा गाठला. तीनेक वर्षांत ते बंदही केलं. २०२१ च्या हायब्रिडने सरासरी २५ मैल, लिटरला १०.६ किलोमीटर दिले. पोलादी व्ही-८ च्या १७ पासून इथवर यायला सात मॉडेल-वर्षं लागली.

या सगळ्यात मुंबईचा एक धागा आहे. एफ-१५० साठी पत्रा पुरवणाऱ्यांत नोव्हेलिस ही प्रमुख कंपनी, आणि २००७ पासून तिची मालकी आदित्य बिर्ला समूहातल्या हिंदाल्कोकडे, जिचं मुख्यालय मुंबईत आहे. त्या वेळी सुमारे सहा अब्ज डॉलरचा तो सौदा अनेकांना महाग वाटला होता. नोव्हेलिसने न्यूयॉर्क राज्यातल्या ओस्वेगोच्या कारखान्यात मोटारींच्या पत्र्यासाठी क्षमता वाढवली, डिअरबॉर्नचं भंगारही तिथेच परत जाऊ लागलं. पोलाद दहा ठिकाणांहून मिळतं. मोटारींना लागणारा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लाटणाऱ्या मोठ्या गिरण्या मात्र मोजक्या.

१६ सप्टेंबर २०२५ ला ओस्वेगोच्या गरम पत्रा लाटण्याच्या विभागात आग लागली. फोर्डने ऑक्टोबरमध्ये नुकसानीचा अंदाज दीड ते दोन अब्ज डॉलर सांगितला आणि एफ-१५० चं उत्पादन आखडतं घेतलं. २० नोव्हेंबरला तिथे पुन्हा आग लागली. डिअरबॉर्नमध्ये पत्र्याची वाट पाहणं चालू होतं, आणि इकडे मुंबईत हिंदाल्कोच्या तिमाही निकालांच्या बातम्यांत ओस्वेगो हे गावाचं नाव येऊ लागलं होतं.